तायशो काळातली गाजलेली प्रेमप्रकरणं चित्रात कशी आणायची? आधी हात काढ

तुझा प्रश्न असा की फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी शंभर वर्षांपूर्वीच्या, म्हणजे तायशो काळातल्या जपानमधल्या गाजलेल्या लफड्यांवर आठ चित्रांची सीरिज करायचीय, वाचन बऱ्यापैकी झालंय, पण स्केच काढायला बसलं की एकतर अ‍ॅनिमे होतं नाहीतर त्या काळचा चित्रकार ताकेहिसा युमेजी याची कॉपी होते, आणि सर म्हणाले की बायका सुंदर आल्यात पण गोष्ट कुठंय. ताई म्हणालीस म्हणून सरळ अगं-तुगं करते. मी बावीस वर्षं पुस्तकांसाठी चित्रं काढतेय, त्यातली निम्मी जुन्या काळातल्या माणसांची, आणि हा विषय माझ्या फार जवळचा आहे त्यामुळे उत्तर लांबणार, सावकाश वाच.

पहिलं म्हणजे "लफडं" हा शब्द प्रोजेक्टच्या नावातून काढ. मी काही सोवळं पाळत नाहीये. जपानीत या सगळ्यांना "जिकेन" म्हणतात, ब्याकुरेन जिकेन वगैरे, आणि त्याला आपला "प्रकरण" शब्द बरोब्बर बसतो बघ, पोलिसांचंही प्रकरण असतं आणि प्रेमाचंही असतं. तिकडे तर दोन्ही एकच होतं. १९०७ च्या जपानी दंडसंहितेत कलम १८३ होतं, त्यात नवऱ्याने तक्रार केली तर बायको आणि तिचा प्रियकर दोघांना दोन वर्षांपर्यंत कैद, पण नवऱ्याने बाहेर काहीही केलं तरी बायकोला तक्रारीचा हक्कच नाही. हे कलम थेट १९४७ ला गेलं. (आपलं ४९७ कलम उलटं होतं, बाईला शिक्षा नव्हती पण तिला विचारतही कोणी नव्हतं, ते २०१८ ला गेलं.) म्हणजे तू ज्या बायका काढतेयस त्यांच्या प्रत्येक चोरट्या भेटीत तुरुंग शेजारी बसलेला होता. किताहारा हाकुशू, एवढा मोठा कवी, शेजाऱ्याच्या बायकोवर प्रेम केलं म्हणून जुलै १९१२ मध्ये दोघंही तुरुंगात गेले, नंतर तडजोड होऊन सुटले. ही भीती चित्रात नसेल तर उरतं ते फक्त कॅलेंडर, सरांना तेच म्हणायचं असणार.

दुसरी गोष्ट पेपरची. या प्रकरणांची चित्रं पेपरवाल्यांनी तेव्हाच लोकांच्या डोक्यात काढून ठेवलीत, बाई म्हणजे एकतर मोहिनी नाहीतर वाट चुकलेली, पुरुष म्हणजे बिचारा नाहीतर राक्षस. आपण नुसते फोटो आणि मथळे बघून काढायला बसलो की नकळत तेच परत काढतो, फक्त रंग छान भरतो. माझं एवढंच सांगणं आहे की या बायकांचे चेहरे सगळ्यात शेवटी काढ, आधी हात काढ. का ते सांगते.

तुझ्या यादीतली सगळ्यात मोठी गोष्ट ब्याकुरेनची, म्हणून तिच्यावरच जास्त बोलते. यानागिवारा आकिको, जन्म १८८५, काउंटच्या घरातली, तिची आत्या म्हणजे तायशो सम्राटांची आई, म्हणजे खुद्द सम्राट तिचा आतेभाऊ. कवितेसाठी तिने ब्याकुरेन हे नाव घेतलं, म्हणजे पांढरं कमळ, आपण ज्याला पुंडरीक म्हणतो ते. पहिलं लग्न कोवळ्या वयात लावून दिलं, ते विशीतच मोडलं. १९११ मध्ये दुसरं, क्यूशू बेटावरच्या चिकुहो भागातला कोळसा खाणींचा मालक इतो देनएमोन याच्याशी, तो तिच्याहून जवळजवळ २५ वर्षांनी मोठा. इकडे घराण्याचं नाव आणि तिकडे पैसा, बाकी या लग्नात तिच्यासाठी काही नव्हतं. देनएमोन गरिबीत वाढलेला, पोरवयापासून खाणीत राबलेला, लिहिणं-वाचणं जेमतेम. इइझुका गावातलं त्याचं घर आजही उभं आहे, लोक बघायला जातात, आणि फुकुओका शहरात त्याने एक वाडा बांधला होता त्याचं छप्पर तांब्याचं, लोक त्याला तांब्याचा महालच म्हणायचे.

त्या घरात ती कविता लिहीत राहिली. १९१५ मध्ये तिचा पहिला तांका (छोट्या जपानी कविता) संग्रह आला आणि त्याची सजावट कोणाची, तर युमेजीची! म्हणजे तू ज्याची कॉपी होतेय म्हणून रडतेयस तो माणूस या गोष्टीत बाहेरून आलेला नाहीच, प्रकरण व्हायच्या सहा वर्षं आधी त्याने तिच्या दुःखाला कव्हर घातलं होतं. हे कळल्यावर मला स्वतःला त्याच्या रेषेकडे बघायची वेगळी नजर मिळाली.

पुढे तिने एक नाटक लिहिलं, विषय कोणता तर अंगुलीमाल. हो, आपलाच, बुद्धाच्या गोष्टीतला, बोटांची माळ घालून फिरणारा. ते नाटक एका मासिकात आलं आणि त्या कामासाठी १९२० च्या सुरवातीला मासिकातला एक तरुण तिला भेटायला क्यूशूतल्या बेप्पू गावी आला, मियाझाकी र्‍यूसुके, कायद्याचा विद्यार्थी, चळवळीतला, चीनचा क्रांतिकारक नेता सुन यात-सेन याला मदत करणाऱ्या मियाझाकी तोतेनचा मुलगा. ती ३४ ची, तो तिच्याहून सात वर्षांनी लहान. त्यानंतर शेकडो पत्रं. ही सगळी प्रेमकहाणी मुळात टपालातली आहे गं, भेटी मोजक्याच. आणि तुझ्या स्केचमध्ये दोघं चेरीच्या झाडाखाली मिठी मारून उभे आहेत.

२० ऑक्टोबर १९२१ ला ती नवऱ्याबरोबर तोक्योला आलेली होती, तो परत क्यूशूला निघाला आणि ती गेली नाही, नाहीशी झाली. २२ तारखेच्या ओसाका आसाहीच्या संध्याकाळच्या अंकात तिचं नवऱ्याला उद्देशून उघडं पत्र छापून आलं, सुरवातच अशी की बायको म्हणून हे माझं शेवटचं पत्र. बायकोने नवऱ्याला सोडचिठ्ठी द्यायची आणि तीही पेपरात, सम्राटाच्या मामेबहिणीने, हे त्या देशात कोणी पाहिलं नव्हतं. मग प्रतिस्पर्धी ओसाका माइनिचीत देनएमोनचं उत्तर चार भागांत छापून आलं. सगळा देश दोन पेपरांतून एका घराचं भांडण वाचत होता. कविता लिहिणारी बाई आपलं म्हणणं मांडायला तयार होती पण त्या पत्रावरही र्‍यूसुकेच्या मित्रांचा हात फिरलेला होता, धारदार केलं होतं त्यांनी ते, हे मला नेहमी लागतं. स्वतःच्या सोडचिठ्ठीतसुद्धा सगळे शब्द तिचे राहिले नाहीत.

आणि देनएमोनला राक्षस करू नकोस, प्लीज. त्याने कलम १८३ खाली तक्रार केली असती तर दोघं आत गेली असती, त्याने ती केली नाही, घटस्फोट दिला. तिच्या आयुष्यातली ती वर्षं कोंडमाऱ्याची होती हेही खरंच आहे, त्या घरात बाकीच्या बायकाही होत्या. दोन्ही खरं आहे, चित्रात दोन्ही मावलं पाहिजे. मी त्याचा चेहरा न काढता कोळशाचा काळा आणि नव्या तांब्याचा तांबूस-तपकिरी असे दोन रंग त्याला दिले असते आणि त्याच्या घरातल्या प्रत्येक चित्रात तेच वापरले असते, पुढच्या चित्रांतून ते गायब.

आता हातांवर येते. युमेजीच्या बायका नीट बघ. डोळे मोठे, अंग इंग्रजी एससारखं वाकलेलं, हे सगळे बघतात आणि तेवढंच उचलतात. पण हात बघ, शरीराच्या मानाने मोठे आहेत, लांब बोटं, कधी गालावर, कधी गुडघ्यावर, कधी मांजराच्या काळ्या पाठीवर, आणि सगळं मन तिथेच बाहेर येतं. चेहरा बऱ्याचदा एकच असतो त्याचा. कॉपी होतेय कारण तू चेहरा घेतेयस. हात वेगळे काढ, प्रत्येक बाईचे तिचे स्वतःचे, मग चेहरा आपोआप तिचा होईल.

आणि या बायकांचे हात काय करत होते? लिहीत होते! ब्याकुरेन पत्र लिहितेय. हिरात्सुका रायचो मासिक काढतेय. इतो नोए त्याच मासिकाचं संपादन करतेय. कामिचिका इचिको वार्ताहर, हातानो आकिको महिलांच्या मासिकात पत्रकार. प्रेमात पडलेली बाई बदनाम होतेच, पण लिहिणारी बाई प्रेमात पडली की पेपरवाले जास्त चवताळायचे असं मला कायम वाटत आलंय. युमेजीने १९१४ मध्ये निहोनबाशीत बायकोसाठी, म्हणजे तोवर घटस्फोट झालेल्या तामाकीसाठी, मिनातोया नावाचं दुकान काढलं तिथे काय विकायला होतं माहितीय का, प्रिंट्स तर होत्याच, पण त्याने डिझाइन केलेले पत्रलेखनाचे कागद, लिफाफे. सगळा काळच पत्रांचा आहे.

म्हणून ब्याकुरेनचं चित्र असं कर. त्या काळी लांब पत्र गुंडाळीच्या कागदावर लिहायची पद्धत होती. टेबल लागत नाही, गुंडाळी डाव्या हातात अधांतरी धरायची, उजव्या हातात ब्रश, वरून खाली ओळ, ओळी उजवीकडून डावीकडे, आणि लिहून झालेला भाग खाली लोंबत जातो. आता किमोनोची बाही बघ. हात उचलला की ती घसरते, एरवी बाई दुसऱ्या हाताने बाही सावरते, पण इथे डावा हात कागदात अडकलाय, म्हणजे उजवा हात जवळजवळ कोपरापर्यंत उघडा. एवढ्या झाकलेल्या बाईचा तेवढाच एक हात उघडा, आणि तो लिहिणारा. मिठीपेक्षा किती जास्त आहे यात! घरी कॅश रजिस्टरचा किंवा फॅक्सचा रोल असेल तर घे आणि आरशासमोर बसून स्वतःच करून बघ, डाव्या अंगठ्यावर किती जोर येतो ते कळेल, तो जोर चित्रात आला पाहिजे.

किमोनोवरून एक चूक सांगते, माझ्या हातून झालेली. किमोनोत कायम नेसणाऱ्याची डावी बाजू वर येते, म्हणजे समोरून बघताना गळा छोट्या इंग्रजी वायसारखा दिसतो. उजवी बाजू वर फक्त प्रेताला नेसवताना करतात. आणि आपण डिजिटलवाले काय करतो, ड्रॉइंग चेक करायला कॅनव्हास फ्लिप करतो. मी एकदा फ्लिप केलं, कॉम्पोझिशन तसं जास्त बरं वाटलं, तसंच ठेवलं, प्रिंट काढून एका ग्रुप शोमध्ये लावलं. एक जपानी आजी त्या चित्रासमोर खूप वेळ उभ्या होत्या, मला वाटलं आवडलं त्यांना, मग जवळ येऊन हळू आवाजात विचारलं की ही मुलगी वारलीय का. पोटात खड्डा पडला माझ्या. ती मुलगी पत्राची वाट बघत होती चित्रात. तेव्हापासून फाइलच्या सगळ्यात वरच्या लेयरवर लाल वाय काढून ठेवते आणि एक्स्पोर्टच्या आधी तो सरळ आहे का बघते, तूही ठेव.

बाकी कपड्यांचं पटकन सांगते. लांब लोंबत्या बाह्या अविवाहित मुलीच्या, लग्न झालेल्या बाईच्या आखूड, तुझ्या तिसऱ्या स्केचमध्ये ब्याकुरेनला लांब बाह्या आहेत, ते बदल. आतल्या कॉलरची पट्टी त्या काळात भरतकाम केलेली आणि चांगली रुंद दिसेल अशी ठेवायचे, रंग खेळवायची हक्काची जागा आहे ती. मेइसेन नावाचं रेशीम तेव्हा खूप चाललं, मोठे ठसठशीत नमुने आणि कडा जरा पसरलेल्या, कारण सूत आधी रंगवून मग विणायचे, आपलं पटोला किंवा इकत डोळ्यासमोर आण. केस सांभाळ, १९०८ च्या मुलीला कपाळावर छज्ज्यासारखा फुगवलेला अंबाडा आणि १९२१ च्या बाईला कान झाकणारे, चिमट्याने वळवलेले केस, एकाच सीरिजमध्ये तेरा वर्षांचा फरक नुसत्या डोक्यावरून दिसेल.

१९०८ म्हटलं म्हणून, तुझी रायचोची गोष्ट मुळात तायशोतली नाहीच, त्याच्या आधीच्या मेइजी काळातली आहे (तायशो म्हणजे १९१२ ते १९२६), सीरिजचं नाव त्याप्रमाणे जरा सैल ठेव. मार्च १९०८, रायचो आणि लेखक मोरिता सोहेई शिओबाराच्या बर्फाच्या डोंगरात मरायला म्हणून गेले, पोलिसांनी शोधून परत आणलं. तिच्या कॉलेजने माजी विद्यार्थिनींच्या यादीतून तिचं नाव काढून टाकलं, आणि त्याने? पुढच्याच वर्षी त्यावर कादंबरी लिहिली, पेपरात क्रमशः. म्हणजे गोष्ट दोघांची आणि सांगणारा तो एकटा. १९११ च्या सप्टेंबरमध्ये तिने बायकांचं मासिक काढलं, सेइतो, पहिल्या अंकाचं कव्हर पण एका बाईनेच काढलेलं, नागानुमा चिए. तुझी जागा तिथे आहे. बर्फ काढूच नकोस, सगळे बर्फच काढतात. छापून आलेल्या अंकाच्या घड्या उचलणारे हात काढ, बोटांना शाई. पुढे तिच्याहून लहान चित्रकाराबरोबर ती लग्नाची नोंद न करता राहिली, तो एका निरोपाच्या पत्रात स्वतःला तरुण पाकोळी (तो छोटा पक्षी) म्हणाला होता आणि जपानीत मोठ्या बाईच्या तरुण प्रियकराला अजून तोच शब्द आहे, वाटल्यास कोपऱ्यात एक पाकोळी घे.

हायामाचं प्रकरण अवघड आहे. ओसुगी साकाए, अराजकवादी, बायको घरात, शिवाय कामिचिका इचिको आणि इतो नोए, आणि त्याने वर नियम घातलेले की प्रत्येकाने स्वतःचं कमवायचं, वेगळं राहायचं, दुसऱ्याच्या स्वातंत्र्यात पडायचं नाही. प्रत्यक्षात पैसे इचिको पुरवत होती. ९ नोव्हेंबर १९१६ ला तिने त्याच्या गळ्यावर वार केला, तो वाचला, ती तुरुंगात गेली. सगळे सुरा काढतात. पण हीच इचिको १९५३ मध्ये खासदार झाली आणि १९५६ च्या वेश्याव्यवसायविरोधी कायद्यासाठी भांडली. तोच हात. दोन चित्रं शेजारी शेजारी लावता येतील, पहिल्यात पगाराच्या नोटा मोजून देताना आणि दुसऱ्यात संसदेत वर केलेला, मधलं बघणाऱ्याला माहीत असतं. नोए आणि ओसुगीला १९२३ च्या भूकंपानंतर लष्करी पोलिसांनी मारलं, बरोबर त्याचा सहा वर्षांचा भाचा होता त्यालाही. नोए २८ ची होती. तिचं चित्र काढशील तेव्हा हे विसरून नखरेल काढू नकोस एवढंच.

लेखक आरिशिमा ताकेओ आणि हातानो आकिको, आणि मात्सुई सुमाको, यांच्याबद्दल माझं मत ठाम आहे, मरण काढायचं नाही. आरिशिमा आणि आकिकोने जून १९२३ मध्ये करुइझावाच्या बंगल्यात एकत्र जीव दिला आणि ते कोणाला कळायलाच जवळजवळ महिना गेला. तिथे फुलं पसरलेली, दोघं झोपल्यासारखी, असं चित्र काढणं म्हणजे खोटं बोलणं आहे, आणि ते बघणाऱ्यांत कोणी आत्ता कठीण काळातून जात असेल तर त्याला आपण काय दाखवतोय? आकिको ऑफिसमध्ये प्रुफं तपासताना काढ, ती पत्रकार होती, लोक विसरलेत. सुमाको तर जपानची पहिली मोठी आधुनिक नटी, इब्सेनच्या नाटकातली नोरा तिने १९११ मध्ये केली, तिचं गाणं ग्रामोफोनवर घरोघर गेलं, तिच्या काचूशाच्या भूमिकेवरून जपानीत हेअरबँडला आजही काचूशा म्हणतात. शिमामुरा होगेत्सु, तिचा दिग्दर्शक, बायको-मुलं असलेला, ५ नोव्हेंबर १९१८ ला स्पॅनिश फ्लूने गेला, ती तेव्हा तालमीत होती. दोन महिन्यांनी ती पण गेली, त्याच्याच थडग्यात ठेवा असं लिहून ठेवलं होतं, ते कोणी ऐकलं नाही. तालमीतला मेकअपचा ब्रश धरलेला हात आणि दारात कोणीतरी निरोप घेऊन आलंय, आरशात फक्त त्याचे पाय. तेवढ्यावर थांब.

रंगांसाठी एक बंधन घालून घे, पूर्ण सीरिजला सहा रंग. वुडब्लॉकमध्ये प्रत्येक रंगाचा वेगळा ठोकळा कोरावा लागायचा म्हणून ते लोक रंग जपून वापरायचे, तो संयम डिजिटलमध्ये आपण स्वतः आणावा लागतो, नाहीतर ग्रेडियंट सुटतात आणि अ‍ॅनिमे तिथूनच आत येतं. कागदाचा पिवळट टोन हा सातवा धर. चित्रात पेपर किंवा पत्र दाखवलंस तर जपानी अक्षरं अंदाजाने गिरगटू नकोस, वाचता येणाऱ्याकडून तपासून घे, पुण्यात जपानी शिकलेली माणसं ढीगभर आहेत. आणि रेफरन्स म्हणून युमेजी वापरायला मोकळा आहे, तो १९३४ ला गेला, पण दुसरा चित्रकार काबुरागी कियोकाता १९७२ ला गेला, त्याच्यावर अजून कॉपीराइट आहे, त्याचं बघून शिक, उचलू नकोस.

आणखी एक, आठ चित्रांत ब्याकुरेनला एकच देऊ नकोस. तिची गोष्ट पळून जाण्यावर संपत नाही. सरदार घराण्यातून तिचं नाव काढलं गेलं, र्‍यूसुके क्षयाने आजारी पडला तेव्हा लिहून घर तिने चालवलं, आणि त्यांचा मुलगा काओरी ११ ऑगस्ट १९४५ ला बॉम्बहल्ल्यात गेला, युद्ध संपायला चार दिवस होते. मग तिने मुलं गमावलेल्या आयांना एकत्र आणून शांततेचं काम सुरू केलं. १९६७ ला गेली. शेवटचं चित्र या म्हाताऱ्या बाईचं कर, पुन्हा लिहितानाच, पण आता गुंडाळी नको, साधा कागद टेबलावर, डावा हात मोकळा.

पहिल्या चित्राचं हातांचं स्केच झालं की फोटो काढून मला पाठव, चेहरा रिकामाच ठेव. मला डावा अंगठा बघायचाय.